बोट ठेवता येणारी तक्रार

२०२३ च्या १४ एप्रिलला दोन गोष्टी एकाच दिवशी आल्या. पहिली, आंबेडकर जयंती, दरवर्षी येते. यवतमाळात, पुसदला, उमरखेडला, वणीला आदल्या रात्री बाराच्या ठोक्यालाच फटाके सुरू होतात, आणि मग दिवसभर निळे झेंडे, मिरवणुका, भीमगीतं. दुसरी अमेरिकेतून आली. मेटालिका या रॉक बँडचा ‘७२ सीझन्स’ हा अल्बम. बँड १९८१ चा, आधीचा अल्बम २०१६ चा. म्हणजे चाहते साडेसहा वर्षं वाट पाहत होते. यवतमाळ जिल्ह्यातही असे चाहते आहेत. वसतिगृहाच्या खोल्यांतून पेन ड्राइव्हवर फिरलेली गाणी ऐकत वाढलेली ही मंडळी आता तिशी-चाळिशीत आहेत. हा बँड २०११ मध्ये बंगळुरूला वाजवून गेला. इथून तिथे जायचं तर आधी धामणगाव नाहीतर वर्धा गाठून गाडी पकडायची. इतक्या लांबून जीव लावलेल्या गोष्टीवर माणूस हक्क सांगतोच.

अल्बमच्या नावातले बहात्तर ऋतू म्हणजे आयुष्याची पहिली अठरा वर्षं. (आपल्या पंचांगाने मोजलं तर बाराच भरतात.) बारा गाणी, सत्त्याहत्तर मिनिटं. श्रोत्यांची लगेच फाटाफूट झाली. कोणाला गाणी लांबवलेली वाटली. कोणी म्हणालं, कर्क हॅमेटचे गिटारचे सोलो त्याच त्या वा-वा पेडलवर तरले आहेत. कोणाला गायक जेम्स हेटफिल्डने स्वतःच्या जखमांबद्दल इतकं उघडं लिहिलं, याचंच अप्रूप. मजा अशी की एकाच अल्बमवर ‘पहिल्यासारखा नाही’ आणि ‘पहिल्यासारखाच आहे’ असे दोन्ही आरोप झाले. तेही गाणी धड दोनदा ऐकून होण्याआधी. माझं विचाराल तर मधली तीन-चार गाणी एकमेकांत मिसळून जातात, आणि शेवटचं, अकरा मिनिटांचं ‘इनामोराटा’ मात्र जराही लांब वाटत नाही.

मतं वेगवेगळी असणं चांगलंच आहे. पण सगळ्या तक्रारी एका तागडीत टाकता येत नाहीत, आणि याच बँडचा इतिहास त्याला साक्षीदार आहे. १९९१ च्या काळ्या मुखपृष्ठाच्या अल्बमात त्यांनी वेग कमी केला तेव्हा जुने चाहते म्हणाले, विकले गेले. १९९६ मध्ये ‘लोड’च्या वेळी त्यांनी लांब केस कापले आणि लोक त्यावरही चिडले. केसांत कुठला सूर असतो? ही तक्रार खरं तर श्रोत्याच्या स्वतःच्या विशीबद्दलची आहे. ती परत मिळत नाही, म्हणून राग बँडवर निघतो.

२००३ च्या ‘सेंट अँगर’ची गोष्ट वेगळी. स्नेअर ड्रमच्या खालच्या पडद्याला चिकटून बारीक तारांचा एक पट्टा असतो. काठी वर पडली की त्या तारा थरथरतात आणि तो करकरीत, तुटक आवाज येतो. त्या अल्बमात ड्रमर लार्स उलरिकने हा पट्टा सोडून ठेवला. आवाज आला तो गोडेतेलाच्या रिकाम्या डब्यावर काठी मारल्यासारखा, आणि तोही अख्खा अल्बमभर. शिवाय गिटारचे सोलो काढून टाकलेले. इथे श्रोता नेमकं बोट ठेवू शकत होता : हे होतं, आता नाही. १९८८ च्या ‘अँड जस्टिस फॉर ऑल’बद्दलही तेच. बेसवादक क्लिफ बर्टन १९८६ मध्ये अपघातात गेला, त्याच्या जागी जेसन न्यूस्टेड आला, आणि न्यूस्टेडची बेस गिटार त्या अल्बमात जवळजवळ ऐकूच येत नाही. या तक्रारीला वय नाही. आज पहिल्यांदा ऐकणारा अठरा वर्षांचा पोरगाही तीच करतो.

आता यवतमाळच्या दत्त चौकात या. भीमगीतांनी किती रूपं बदलली! भीमराव कर्डकांचे जलसे, वामनदादा कर्डकांची गाणी, नागोराव पाटणकरांची कव्वाली, प्रल्हाद शिंद्यांच्या कॅसेट, आणि आता डीजे. प्रत्येक वळणावर कोणी ना कोणी जुनंजाणतं म्हणालंच असेल, “पैल्यासारखं नाही राहलं बाप्पा आता.” पण हेच श्रोते नव्याला नाक मुरडतात असंही नाही. कडूबाई खरात एकतारी घेऊन गायल्या, ते मोबाइलवर घरोघरी पोचलं आणि म्हाताऱ्यांनीही ते डोक्यावर घेतलं. वाद्य जुनं, वाट नवी. कोणाची हरकत आली नाही. इथला निकालही सावकाश लागतो. या एप्रिलचं नवं गाणं पुढच्या एप्रिलला कोणी लावलं नाही, की ते संपलं. परीक्षण वगैरे कोणी लिहीत बसत नाही.

डीजेबद्दलची कुरकुर मात्र मला नुसती आठवणींची वाटत नाही. पिकअपवर बेसचे डबे एकावर एक रचलेले असतात. तो बेस छातीत वाजतो, खिडक्यांच्या काचा हलतात, आणि शब्द बुडतात. व्यंजनांचा आवाज मुळात नाजूक आणि वरच्या पट्टीतला. खालचा धडधडाट तो आधी गिळतो. उरतात ते नुसते स्वर, म्हणजे चाल. एरवीच्या नाचगाण्यात त्याने काही बिघडत नाही. पण भीमगीत हे सांगण्यासाठी जन्मलेलं गाणं. शाळेचा उंबरठा न चढलेल्या माणसालाही चवदार तळं, दीक्षाभूमी, घटना हे सगळं त्यानेच सांगितलं. मेटालिकाच्या चाहत्यांची तक्रार होती की बेस हरवला. इथे बेसने बाकी सगळं हरवलं.

पोरांचीही बाजू आहे, आणि ती हलकी नाही. ज्या रस्त्याने आजोबा अंग चोरून चालले, त्या रस्त्यावर नातवाला आवाज मोठा हवा असेल, तर त्याला ‘हळू’ म्हणणाऱ्याने आधी जरा विचार करावा. त्यातही बाकीच्या मिरवणुकांचा डीजे ज्यांना वर्षभर चालतो, त्यांच्या तोंडी हा उपदेश शोभत नाही. तक्रार आतून आली तरच तिला वजन आहे, आणि ती आतून येते आहे. शब्द ऐकू यावेत हे म्हणणारे त्याच वस्तीतले, त्याच गाण्यांवर वाढलेले लोक आहेत. आवाज बंद करा असं त्यांचं म्हणणं नाही.

दोन्हीकडच्या श्रोत्यांत एक फरक आहे, आणि तो यवतमाळच्या बाजूचा आहे. उलरिक ‘सेंट अँगर’मधल्या त्या आवाजाची पाठराखणच करत आला, लाखो चाहते ओरडले तरी अल्बम होता तसाच राहिला. इथे डीजेवाला गावातला, नाहीतर शेजारच्या तालुक्यातला असतो. सुपारी देणारी जयंती उत्सव समिती मार्चमध्येच बसते, आणि तिच्यात काका-पुतणे समोरासमोर असतात. गाणं सुरू असताना बेस खाली ठेव, मधल्या तुकड्याला हवा तेवढा चढव, एवढं तर सुपारी ठरवतानाच सांगता येतं.