परीक्षा रोजची हवी

‘विसरलं तर पुन्हा लावायचा. व्हिडिओ कुठे पळून जातोय?’ आयआयटींच्या एनपीटीईएल या ऑनलाइन उपक्रमातला अभ्यासक्रम करणारा एक विद्यार्थी परवा म्हणाला. परीक्षेची तयारी कशी चालली आहे, या प्रश्नाला त्याचं हे उत्तर होतं. तेव्हापासून ते मनाला टोचतं आहे.

आपल्या सोयीने ऑनलाइन शिकण्याचे फायदे सर्वांना ठाऊक आहेत. आयआयटीतले प्राध्यापक गडचिरोलीतही ऐकता येतात आणि पाळ्यांमध्ये काम करणाऱ्या परिचारिकेला रात्री अकरा वाजताही शिकता येतं. 2021 च्या यूजीसी नियमांनुसार सत्रातले 40 टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम्’ या सरकारी ऑनलाइन मंचावरून करता येतात. म्हणजे हा आता फावल्या वेळचा छंद राहिला नाही. पदवीच त्यावर अवलंबून आहे.

लिहायला घेतलं तेव्हा माझी तक्रार खरं तर परीक्षेविरुद्ध होती. ज्याला त्याच्या गतीने शिकू द्यायचं, त्याला शेवटी ठरलेल्या तारखेला केंद्रावर कशाला बसवायचं? पण त्या विद्यार्थ्याच्या वाक्याचा विचार करू लागलो आणि तक्रारीतला जोर ओसरत गेला.

ऐकताना कळणं वेगळं आणि समोर काही नसताना सांगता येणं वेगळं. व्हिडिओ दुसऱ्यांदा पाहिला की प्रत्येक वाक्य ओळखीचं वाटतं आणि ही ओळख ज्ञानाचा आभास निर्माण करते. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये हे प्रयोगातून दाखवलं. उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवत होतं. पण आठवड्याने पुढे गेले ते, ज्यांनी पुन्हा न वाचता आठवून लिहिलं होतं. आदल्या रात्री दीडपट वेगाने व्हिडिओ पाहणाऱ्याला आपली तयारी झाली असं का वाटतं, हे यावरून समजतं.

आपल्याकडे दिवेलागणीला परवचा म्हणत. पाढे, पावकी, निमकी, दिडकी रोज तोंडाने म्हणायची. पुढे ‘पोपटपंची’ म्हणून आपण ती मोडीत काढली. अर्थ न समजता घोकण्यावरची टीका रास्तच होती. पण घोकंपट्टीबरोबर आपण रोज स्वतःच्या स्मरणातून काहीतरी बाहेर काढण्याची सवयही टाकून दिली. तिची भरपाई अजून झालेली नाही.

‘पण असाइनमेंट असतातच की,’ असं तो विद्यार्थी म्हणेल. असतात. एनपीटीईएलच्या बहुतेक अभ्यासक्रमांत त्यांना 25 टक्के आणि अंतिम परीक्षेला 75 टक्के वजन असतं. मात्र असाइनमेंट नोट्स उघड्या ठेवून, बऱ्याचदा मित्रांच्या ग्रुपवरची उत्तरं पाहून सुटते. तिथे पूर्ण गुण मिळाले तरी तीन आठवड्यांनी त्यातलं काय उरेल, हे त्याला कळत नाही. व्हिडिओ पुन्हा लावता येतो हे खरं. परीक्षा केंद्रावर तो लावता येत नाही, आणि पुढे नोकरीत प्रश्न समोर आल्यावर तो शोधत बसायला वेळ नसतो.

वर्गात काय उरलं हे तपासण्याचं काम शिक्षक करतात. मधेच थांबून एखाद्याला उठवतात, कोरे चेहरे पाहून मागे वळतात. व्हिडिओतल्या प्राध्यापकांना समोरचा दिसत नाही. त्यामुळे अशा अभ्यासक्रमात विद्यार्थ्याला प्रश्न विचारणारं परीक्षेखेरीज कोणी उरत नाही. ती वर्गाहूनही इथे अधिक गरजेची आहे, या निष्कर्षाला मी आलो तो असा. तिचा दोष एवढाच की ती एकदाच आणि फार उशिरा येते. तो दोष विद्यार्थ्याला स्वतः दूर करता येतो.

व्हिडिओ संपला की स्क्रीन बंद करावी आणि मुख्य मुद्दे कोऱ्या कागदावर लिहावेत. जे आठवलं नाही, तेवढंच पुन्हा पाहावं. दुसऱ्या दिवशी आणि आठवड्याने तोच कागद नव्याने लिहावा. जुन्या असाइनमेंट उत्तरं झाकून, घड्याळ लावून सोडवाव्यात. परीक्षेची तारीख पहिल्याच आठवड्यात कॅलेंडरवर लिहून मागे मोजत यावं आणि शेवटचे दोन आठवडे नव्या व्हिडिओंसाठी ठेवूच नयेत.

यात कष्ट आहेत आणि आठवताना अडखळल्यावर वाईटही वाटतं. पण अडखळणं घरी झालं तर ते सुधारता येतं. म्हणून नाव नोंदवलेल्या प्रत्येकाला माझी विनंती आहे: किती व्हिडिओ पाहून झाले हे मोजू नका, न पाहता किती सांगता येतं ते मोजा.