वरातीतलं ‘झिंगाट’

वारंगा फाट्यावर नांदेड, हिंगोली आणि हदगावकडचे रस्ते एकत्र येतात. इथे एसटीची वाट बघत बसलो आहोत असं समजू या. घाई नाही. श्वास संथ होऊ द्या. हॉर्न, माणसांची बोलणी, ट्रकची घरघर, जे कानावर येईल ते येऊ द्या.

लग्नसराई आहे. समोरून वरात येते आणि ‘झिंगाट’ सुरू होतं. पाय ठेका धरत असतील तर धरू द्या. या गाण्याच्या मागेपुढे इथे काही नाही, नुसता आनंद आहे. आधी तो पुरता अनुभवा.

आता सावकाश ‘सैराट’मध्ये या. आर्ची आणि परश्या या वेगवेगळ्या जातींतल्या प्रेमिकांचा २०१६चा हा सिनेमा आठवा. तेच गाणं तिथे आर्चीच्या भावाच्या वाढदिवसाला वाजतं. सगळे बेभान नाचतात, आणि त्याच रात्री आर्ची-परश्या पकडले जातात. चाल तीच, ठेका तोच. पण पुढचं ठाऊक असल्यानं छातीत काहीतरी घट्ट होतं. तिथे थोडं थांबा.

संगीतकार अजय-अतुल यांच्या ‘सैराट’च्या अल्बममध्ये चार गाणी आहेत. सिनेमाजवळ मात्र आणखी एक गोष्ट आहे. शेवटी आर्ची-परश्याचा खून झाल्यावर त्यांचं लहानगं मूल रक्ताची पावलं उमटवत दाराबाहेर चालतं, तेव्हा दिग्दर्शक नागराज मंजुळे आवाजच काढून घेतात. ही शांतता वेगळी काढून ऐकता येत नाही. तिच्यामागे जवळपास तीन तासांचं जगणं लागतं.

मंजुळेंचाच ‘फँड्री’ हा सिनेमा आठवा. जब्या या मुलाचं कुटुंब डुक्कर पकडत असतं. डुक्कर हाती येणार तोच शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. सगळं कुटुंब जागीच उभं राहतं, डुक्कर निसटतं. लहानपणापासून पाठ असलेली ती धून त्या क्षणी कशी ऐकू आली, ते मनात तपासा.

अल्बमनं गाणं कथेतून सोडवलं, म्हणून ते आपल्या दारी आलं. ही देणगी मोठी आहे, ती मनापासून घ्या. पण सोडवताना एक प्रश्न सिनेमातच राहिला: ज्या वरातीत आपण ‘झिंगाट’वर नाचतो, त्याच घरातल्या मुलीनं उद्या जातीबाहेरच्या मुलाचं नाव घेतलं, तर आपण कुठे उभे राहू?

हा प्रश्न स्वतःला विचारा. ठरलेलं उत्तर लगेच देऊ नका. खरं उत्तर येईपर्यंत त्याच्यापाशी बसा.