थांबण्याचा खर्च

जुनी मोटारसायकल घेतलेल्या माणसाला जग एकूण तीन प्रश्न विचारतं. "कितीला पडली?", "ॲव्हरेज काय देते?" आणि "रंग कोणता मारणार?" या तिन्हींची उत्तरं पाठ झाल्याशिवाय जुनी गाडी दारात आणू नये. मी पाठ करूनच आणली. एका बऱ्यापैकी मोबाईलच्या किमतीत पडली. ॲव्हरेज सध्या शून्य, कारण ती चालू होत नाही. आणि रंग? इथे मात्र मी मौन पाळतो. रंगावरून आमच्या आळीत जो वाद सुरू झाला तो अजून मिटलेला नाही. शिवाय तो वाद वरवर रंगाचा दिसला तरी मुळात नीतिशास्त्राचा आहे, असं माझं नम्र मत आहे.

गाडी येझदी, १९८४ सालची. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी घेतलेली माझ्या आयुष्यातली पहिली मोटारसायकल. शिकाऊ लायसन्ससाठी गेलो तेव्हा रांगेतली सगळी मुलं अठरा वर्षांची होती. त्यातल्या एकाने अत्यंत अदबीने मला विचारलं, "काका, मुलाचा फॉर्म कुठे द्यायचा ते विचारताय का?"

येझदी करणारा म्हैसूरचा कारखाना १९९६ साली बंद पडला. २०२२ साली ते नाव नव्या गाड्यांवर पुन्हा आलं, पण माझी ती नव्हे. माझी जुनी, खानदानी. सिलिंडर एक आणि सायलेन्सर दोन. म्हणजे मुद्दा एकच, पण तो दोन तोंडांनी सांगायचा. किकचा आणि गिअरचा दांडा एकच. आत दाबून उभा केला की किक, पाडला की गिअर. टू-स्ट्रोक असल्यामुळे पेट्रोलमध्ये ऑईल आपल्या हाताने मिसळायचं. विकणारा म्हणाला, "एकहाती वापरलेली आहे." गेली अकरा वर्षं ती खुराड्याशेजारी उभी होती आणि तिच्यावर फक्त कोंबड्या बसत होत्या हे पाहता, त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं.

गाडी अंगणात उभी राहिली आणि सल्लागार मंडळ आपोआप स्थापन झालं. शेजारचे निवृत्त हेडमास्तर म्हणाले, "मरून रंग द्या. त्या गाडीला मरूनच शोभतो." भाचा म्हणाला, "मामा, मॅट ब्लॅक! आणि मडगार्ड काढून टाक." मडगार्ड काढलेली गाडी पावसाळ्यात साताऱ्यातून चालवली तर शर्टाच्या पाठीवर कोणता रंग येतो, हे त्याला माहीत नसावं. आमच्या हिला विचारलं तर ती म्हणाली, "अंगणातून हलेल असा कुठलाही."

मग आम्ही उस्तादांकडे गेलो. उस्ताद म्हणजे आमच्या भागातले दुचाकीचे धन्वंतरी. त्यांनी गाडीकडे पाहिलं. किक मारली नाही, टाकीवर हात फिरवला नाही, दोन सायलेन्सरांचं कौतुक केलं नाही. नुसता पुढच्या ब्रेकचा लिव्हर ओढला. तो काहीही तक्रार न करता हँडलला जाऊन टेकला.

"चालंल ती," उस्ताद म्हणाले. "चालवायला मी बसलोय. पर थांबंल का?"

मी म्हटलं, "उस्ताद, रंगाचं काय?"

"किती घालनार हाय पैसं?"

मी आकडा सांगितला. उस्तादांनी माझ्याकडे, लग्नात अकरा रुपयांचं पाकीट देणाऱ्याकडे पाहावं तसं पाहिलं. "मग ऐका साहेब. पयलं थांबनं. मग चालनं. मग दिसनं. उरलं तर."

या तीन शब्दांवर मी आठवडाभर विचार केला. दिसणं, चालणं, थांबणं. जुनी गाडी नवी करायला घेणारा कोणीही नवशिका घ्या, त्याचे पैसे याच क्रमाने जातात. आधी डेंटिंग-पेंटिंग आणि क्रोम, कारण ते दिसतं. मग इंजिन बांधणं, कारण फटफटीने फट्‌ म्हटल्याखेरीज जिवाला चैन नाही. आणि ब्रेक? उरले पैसे तर. उरत नाहीत. "वा, काय टाकी चमकतेय!" असं रस्त्यात थांबवून सांगणारे खूप भेटतात. "वा, काय लायनर बसवलेत!" असं आजवर कोणीही कोणाला म्हटलेलं नाही. लायनर ड्रमच्या आत असतात, आणि आत असलेल्या गोष्टींची तारीफ करण्याची आपल्याकडे पद्धत नाही.

पण हिशेब मांडून पाहिला की गंमत कळते. दिसण्याचा खर्च मी माझ्यासाठी करतो. चालण्याचा खर्चही माझ्यासाठीच. थांबण्याचा खर्च तेवढा दुसऱ्यासाठी असतो. तो दुसरा कोण, हेही मला ठाऊक नसतं. चेंडूमागे धावत रस्त्यावर येणारं एखादं पोर असेल, एसटीतून उतरून गाडीच्या पुढून रस्ता ओलांडणारी एखादी आजी असेल. त्यांची माझी ओळख नाही, आणि ब्रेक चांगले असतील तर ती कधी होणारही नाही. खिशात पैसे मोजके असताना त्यांच्यावर पहिला हक्क कोणाचा, माझ्या हौसेचा की त्या अनोळखी पोराचा? एवढा मोठा प्रश्न एवढ्याशा गॅरेजात, ग्रीसच्या डब्यावर बसून सोडवावा लागेल असं मला वाटलं नव्हतं.

हेडमास्तरांना मात्र हे पटलं नाही. त्यांनी आयुष्यभर तर्कशुद्ध विचार शिकवलेला. म्हणाले, "अहो, जी गाडी चालतच नाही तिला ब्रेक कशाला? ती थांबलेलीच आहे की! आधी चालू करा, मग थांबवायचं बघा." तर्क बिनतोड आहे. पण त्यात एक गोष्ट धरलेली नाही, ती म्हणजे मनुष्यस्वभाव. इंजिनाने एकदा सूर धरला, की तो बंद करून "आता हिला चार दिवस ब्रेकसाठी ठेवू या" असं म्हणणारा योगी मी तरी पाहिलेला नाही. "नुसतं कोपऱ्यापर्यंत" म्हणून माणूस निघतो. पुढे कोपरा दूर दूर सरकत जातो. म्हणून क्रमाला महत्त्व. जेवणाआधी हात धुवायचे असतात. जेवण झाल्यावर ते धुतले तर स्वच्छता होते, पण उपयोग होत नाही.

एवढ्यात आणखी एक गृहस्थ आले. त्यांना जुन्या गाड्यांचा नाद. त्यांनी उघडलेल्या ड्रममध्ये डोकावून गहिवरून सांगितलं, "ब्रेक-शू ओरिजिनल आहेत हो! बदलू नका. गाडीची किंमत जाईल." जुन्या गाड्यांच्या जगात 'ओरिजिनल' हा शब्द सोवळ्यासारखा आहे, एक बोल्ट बदलला तरी विटाळ होतो. मला मिलिंद राजाची गोष्ट आठवली. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात नागसेन भिक्षू त्या ग्रीक राजाला विचारतो, की तू रथातून आलास ना, मग रथ म्हणजे नेमकं काय? दांडी म्हणजे रथ का? आस? चाकं? जू? लगाम? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो आणि शेवटी कबूल करतो, की हे सगळे भाग एकत्र आले म्हणजे त्याला रथ हे नाव मिळतं. नागसेनाचं हे म्हणणं आपल्या आरटीओला मान्य नाही. आरटीओच्या मते गाडी म्हणजे चासी नंबर. बाकी सगळं बदला, पण पेन्सिल घासून कागदावर तो नंबर उमटला पाहिजे. दोघांपैकी कोणाचंही ऐकलं तरी ब्रेक-शू बदलल्याने माझी येझदी येझदीच राहते, एवढं मला पुरलं. नादिक गृहस्थांना मी म्हटलं, "ओरिजिनल शू तुम्ही घेऊन जा. ओरिजिनल मी आणि ओरिजिनल आजी, आम्ही दोघं शिल्लक राहायला हवे आहोत."

मग काम सुरू झालं. ड्रम उघडला तेव्हा आतली काळी पूड फुंकर मारून उडवायला मी गाल फुगवले होते. उस्ताद ओरडले. जुन्या काळच्या ब्रेक-लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ती पूड हवेत उडवायची नाही आणि छातीत तर मुळीच घ्यायची नाही. ओल्या फडक्याने टिपून घ्यायची आणि फडकं पिशवीत बांधून टाकायचं. लायनर झिजून काचेसारखे गुळगुळीत झाले होते. केबलीचे तार आतल्या आत गंजले होते. यात कारखान्याचा काही दोष नाही. चाळीस वर्षांत माझेही बरेच लायनर गेले आहेत.

टायरची नक्षी मात्र नव्यासारखी होती. मी खूश. उस्तादांनी टायरच्या कुशीवरचा चार आकडी शिक्का दाखवला: पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. टायर बारा वर्षांचं निघालं. रबर न झिजताही म्हातारं होतं, कडक होतं, आणि कडक झालं की रस्ता धरत नाही. ब्रेक चाक थांबवतो. गाडी थांबवतं ते टायर. मी टायर बदललं. घरी हिने विचारलं, "नव्यासारखं दिसत होतं ना?" म्हटलं, "दिसत होतं." ती म्हणाली, "मग या हिशेबाने तुमचं काय करायचं?" मी विषय बदलला.

ब्रेक लावणं हीही एक विद्या असते, हे मला तेव्हाच कळलं. आपल्याकडे प्रत्येक नवशिक्याला वडीलधारे एकच मंत्र देतात, "पुढचा ब्रेक लावू नको, तोंडावर पडशील." उस्ताद याच्या नेमकं उलट. ब्रेक लावला की गाडीचं वजन पुढे झुकतं, पुढचं टायर रस्त्यावर दाबलं जातं आणि मागचं हलकं होतं. तेव्हा थांबवण्याचं मोठं काम पुढचंच चाक करतं. तो हिसडला तर माणूस पडतो. म्हणून हळूहळू आवळत न्यायचा आणि जोडीला मागचाही लावायचा. रिकाम्या मैदानात आठ दिवस मी नुसतं थांबायला शिकलो. मैदानात क्रिकेट खेळणारी पोरं विचारायची, "काका, गाडी बिघडलीय का?" वेग दुप्पट केला की ब्रेक लावल्यानंतर लागणारं अंतर चौपट होतं, हे शाळेत गणित म्हणून पाठ होतं. मैदानात ते पोटात कळलं.

कठोपनिषदात शरीराला रथ म्हटलं आहे. बुद्धी सारथी, इंद्रियं घोडे आणि मन लगाम. कॉलेजात हे वाचलं होतं आणि परीक्षेपुरतं पटलंही होतं. आता एक गोष्ट नव्याने ध्यानात आली. त्या रूपकात लगाम आहे, पण चाबूक नाही. घोड्यांना पळा म्हणून सांगावंच लागत नाही. ज्या कोणाला हे सुचलं त्याने उस्तादांचाच क्रम लावला होता. आपण मात्र मुलांना बोलायला शिकवतो, बोलता बोलता थांबायला नाही. सभेत भाषणाला उभा राहिलेला माणूस आठवा. इंजिन उत्तम, दिसणं उत्तम, सायलेन्सर दोन. फक्त लिव्हर हँडलला टेकलेला. आणि खाली अनोळखी माणसं बसलेली.

जी गोष्ट आपल्याला चालवता येते ती आपली, असं मी समजत असे, आणि बहुतेक जग तसंच समजतं. आरसी बुकावर माझं नाव चढलं तेव्हा कायद्याने गाडी माझी झाली. पण मला विचाराल तर ती माझी झाली गेल्या आषाढात, यवतेश्वरच्या घाटात. उतार, बारीक पाऊस, आणि वळणापलीकडे रस्ताभर म्हशी. मी आवळत नेला. गाडी थांबली. पुढच्या म्हशीपासून चांगली दोन हात अलीकडे. म्हशीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. राखणाऱ्या पोराने मान वर केली नाही. पावसात मी तसाच उभा राहिलो, म्हशी गेल्या, आणि मी गिअर टाकला.

घरी येऊन हे सांगायला गेलो तर सांगण्यासारखं काहीच नव्हतं. "मग काय झालं?" हिने विचारलं. काही झालं नाही. थांबण्यावर केलेल्या खर्चाचं एवढंच उत्पन्न असतं, आणि ते कुठल्याही वहीत जमा दाखवता येत नाही. टाकीवर अजून गंजाचे डाग आहेत. हेडमास्तर रोज सकाळी फाटकापाशी थांबतात आणि मरूनची आठवण करून देतात. मी त्यांना सांगतो, उरले की बघू.