निमंत्रणाचा संकल्प

अध्ययन आटोपून घरी निघालेल्या शिष्याला तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत आचार्य जो उपदेश करतात, त्यात माता, पिता आणि आचार्य यांच्या पंक्तीला अतिथीलाही बसविलेले आहे. आणि आपल्याकडील कित्येक विद्यापीठांतून पदवीदानाच्या दिवशी हाच उपदेश वाचला जात असल्यामुळे, अतिथिधर्म हा जितका गृहस्थाचा तितकाच विद्यापीठाचाही आहे, असे मानावयास हरकत नसावी. परंतु गृहस्थाच्या दारी अतिथी न बोलावता येतो. विद्यापीठाच्या दारी येणारा परदेशी पंडित मात्र निमंत्रणपत्र, परवाना आणि सरकारी संमती यांच्यावाचून येऊच शकत नाही. ज्याच्या आगमनाची तारीख, मुक्कामाची मुदत, किंबहुना व्याख्यानाचा विषयसुद्धा आगाऊ दप्तरी दाखल झालेला आहे, त्याच्या सत्काराला धर्म म्हणावे की नुसता व्यवहार?

मुंबई-गोवा महामार्गाला जेथे देवगडची वाट फुटते त्या आमच्या नांदगावच्या तिठ्यावरून पाहिले, तर या प्रश्नाच्या दोन्ही बाजू याच मुलखात सापडतात. मसुऱ्याच्या आंगणेवाडीत भराडीदेवीची जत्रा कोणत्या दिवशी भरावयाची हे पंचांग ठरवीत नाही. देवीचा कौल घेऊन दिवस मुक्रर होतो, आणि मग एकही पत्रिका न जाता लाखो माणसे तेथे लोटतात. उलट घरात लग्न निघाले की पहिली पत्रिका ग्रामदेवतेपुढे ठेवल्यावाचून दुसऱ्या कोणाच्या हाती ती पडत नाही. देव गावातच असतो, त्याला लग्नाची वार्ता मानकऱ्यांच्याही आधी लागलेली असणार. तरीही त्याला बोलावणे करावे लागते. षोडशोपचारांतला पहिला उपचारही आवाहनाचाच. जो सर्वत्र भरून आहे त्याला ‘ये’ म्हटल्याने त्याच्या ठायी काहीच घडत नाही. घडते ते बोलावणाऱ्याच्या ठायी, कारण आवाहन केले की आसन, पाद्य आणि अर्घ्य देणे त्याला भाग पडते. निमंत्रणाने पाहुणा बांधला जात नाही, यजमान बांधला जातो.

या दृष्टीने पाहिल्यास विद्यापीठाच्या दप्तरातील ती सारी यातायात मला वाटते तितकी निरर्थक नाही. विभागाची टिपणी वर जाते. पाहुण्याचे नाव पारपत्रातल्या नावाशी अक्षरशः ताडून घेतले जाते. आंतरराष्ट्रीय परिषद असल्यास परराष्ट्र आणि गृह या दोन्ही मंत्रालयांची मंजुरी आणावी लागते. सहीशिक्क्याचे पत्र मिळाल्यावर पाहुणा वकिलातीत अर्ज करतो. आणि तो अतिथिगृहात उतरल्यापासून 24 तासांच्या आत ठरावीक नमुन्यात त्याची वर्दी द्यावी लागते. कारकुनाला ही कटकट वाटते, आणि पुष्कळदा ती असतेही. परंतु पूजेच्या आरंभी देश, काळ, नाव, गोत्र आणि हेतू यांचा उच्चार करून जो संकल्प सोडतात, त्याहून या पत्रातला मजकूर फारसा वेगळा असतो काय? सरकार पाहुण्याकडे संशयाने पाहते ते पाहो. ते वेशीवरचे पहारेकरी आहे, यजमान नव्हे. यजमान तो, ज्याची खाली सही आहे. कठोपनिषदात नचिकेता यमाच्या घरी तीन रात्री उपाशी राहिला, तेव्हा यम घरी नव्हता. तरी परत आल्यावर ती सबब त्याने पुढे केली नाही, रात्रीमागे एक असे तीन वर देऊन तो मोकळा झाला. परवान्याला विलंब झाला म्हणून पाहुण्याचे विमान चुकले, तर दोष कोणाचाही असो, हानी भरून देण्याचे उत्तरदायित्व सही करणाऱ्याकडेच राहते.

पाहुणचाराचा हा व्यवहार एका पिढीत मिटतोच असे नाही. मालवणात 1837 साली जन्मलेले रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांना लंडनच्या 1874 च्या प्राच्यविद्या परिषदेचे बोलावणे आले होते. स्वतः जाणे जमले नाही, तेव्हा नाशिकच्या शिलालेखांवरील निबंध त्यांनी पाठवून दिला. पुढे 1886 साली ते व्हिएन्नाच्या परिषदेस गेले, तेव्हा तेथील विद्यापीठात प्राध्यापक होते गेऑर्ग ब्यूलर, म्हणजे ज्यांनी पूर्वी मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात संस्कृत शिकविले होते, तेच. एकेकाळचा परदेशी पाहुणा आपल्या नगरीत यजमान होऊन उभा होता.

भांडारकरांच्या नावाने पुण्यात 1917 साली निघालेल्या संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली, आणि तिच्यातील सभापर्वाचे संपादन येल विद्यापीठाच्या फ्रँकलिन एजर्टन या अमेरिकन पंडिताकडे सोपविले. योगायोग असा की, सभापर्व हे निमंत्रणांचेच पर्व आहे. राजसूयासाठी चहूकडे दूत धाडले जातात, हस्तिनापुरास प्रत्यक्ष नकुल जातो. सारे जमल्यावर पहिले अर्घ्य कोणास, हा प्रश्न निघतो. आचार्य, ऋत्विज, संबंधी, स्नातक, स्नेही आणि राजा असे सहाजण भीष्म अर्घ्याला पात्र ठरवितो. दुरून आलेला म्हणून पात्र, असा सातवा प्रकार त्या यादीत नाही. आमच्या चर्चासत्रांत मात्र विमानाने आलेल्या पाहुण्यास शाल, श्रीफळ आणि पहिले आसन, आणि त्याच विषयात हयात घालविलेला कुडाळचा किंवा सावंतवाडीचा अभ्यासक मागच्या रांगेत, ही रीत पडून गेली आहे. द्रोण, द्रुपद आणि व्यास बसलेले असता कृष्णाला अग्रपूजा का, हा शिशुपालाचा प्रश्न, त्यातला द्वेष आणि शिवीगाळ वगळली, तर गैर म्हणता येणार नाही. अग्रपूजेचे कारण यजमानाला सभेत सांगता आले पाहिजे, आणि भीष्माने ते सांगितले.

त्याच पर्वात दुसरेही निमंत्रण आहे, द्यूताचे. त्याचा विधी यथासांग आहे: राजाची आज्ञा आहे, नवी सभा बांधून तयार आहे, आणि बोलावणे घेऊन येणारा दूत विदुरासारखा ज्येष्ठ आहे. विधीत उणे काहीच नसताना त्या निमंत्रणातून अनर्थ ओढवला, तो बोलावणाऱ्याच्या हेतूमुळे. मानांकनाच्या तक्त्यातला रकाना भरण्यापुरते परदेशी नाव मागविणाऱ्या संस्थांनी हे प्रकरण एकदा वाचावे. विदुराने मात्र आज्ञा पोहोचविली, आणि द्यूत हे अनर्थाचे मूळ आहे, आपण राजाला परावृत्त करण्याचा यत्न केला होता, हेही युधिष्ठिराच्या तोंडावर सांगितले. मानधनाची मंजुरी अद्याप आलेली नाही, ग्रंथालय त्या महिन्यात बंद राहील, हे ज्याला ठाऊक आहे त्या विभागप्रमुखाने सहीशिक्क्याच्या पत्राबरोबर स्वतःच्या हस्ताक्षरातली एक वेगळी चिठ्ठी पाठवावी, असे मला वाटते. दप्तरी तिची नोंद झाली नाही तरी चालेल.