१५ मार्चची नोटीस

कॅलिफोर्नियातल्या स्कूल डिस्ट्रिक्टचं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं. राज्याकडून किती पैसे येतील याचा पहिला अंदाज गव्हर्नर जानेवारीत मांडतात, सुधारित अंदाज मेच्या मध्यावर येतो आणि विधिमंडळ १५ जूनपर्यंत अर्थसंकल्प मंजूर करतं. ज्या शिक्षकांची नोकरी पुढच्या वर्षी जाऊ शकते त्यांना मात्र १५ मार्चपर्यंत नोटीस द्यावीच लागते. पैशांचा नेमका आकडा ठाऊक नसताना माणसं आधी निवडायची.

१९७८च्या ‘प्रपोझिशन १३’ या मतदारांनी मंजूर केलेल्या प्रस्तावाने मालमत्ता कराला एक टक्क्याची मर्यादा घातली आणि शाळांच्या पैशाची सूत्रं स्थानिक मंडळांकडून राज्याच्या राजधानीत, सॅक्रामेंटोत गेली. राज्याची तिजोरी श्रीमंतांच्या आयकरावर, म्हणजे बऱ्याच अंशी शेअर बाजारावर अवलंबून. मे २०२० मध्ये ५४ अब्ज डॉलरची तूट जाहीर झाली. वर्षभराने गव्हर्नर न्यूसम ७५ अब्जांहून अधिक शिलकीची घोषणा करत होते. असे अंदाज हाती घेऊन कुठला हिशेबनीस अचूक ठरेल?

म्हणून डिस्ट्रिक्टांना नियोजनाचे धडे देणं मला अन्यायाचं वाटतं. ती शिस्त तिथे आहे. १९९१ मध्ये रिचमंडच्या डिस्ट्रिक्टचं दिवाळं निघालं, त्यानंतरच्या कायद्याने चालू आणि पुढच्या दोन वर्षांचा हिशेब मांडणं सक्तीचं केलं. मध्यम आकाराच्या डिस्ट्रिक्टला खर्चाच्या तीन टक्के रक्कम राखीव ठेवावी लागते. तीन टक्के म्हणजे जेमतेम अकरा दिवसांचा खर्च. यंदाच्या मुलांचा पैसा यंदाच वापरा, असं राखीव निधीविरुद्ध म्हटलं जातं, आणि त्यात तथ्य आहे. दुसरीतली मुलगी गेलेलं वर्ष परत मिळवायला येणार नाही. पण राज्याने हात आखडला की तिच्या वर्गावर शिक्षक टिकवायला एवढीच पुंजी असते.

ती पुरत नाही तेव्हा काय होतं, हे लॉस एंजेलिसने २००९ मध्ये पाहिलं. कपात सेवाज्येष्ठतेच्या उलट क्रमाने होते आणि नवे शिक्षक गरीब वस्त्यांतल्या शाळांत जास्त असतात. गॉम्पर्स, लिक्टी आणि मार्कहॅम या तीन शाळांत निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून अधिक शिक्षकांना नोटिसा मिळाल्या. पुढच्याच वर्षी प्रकरण न्यायालयात गेलं. पालो आल्टोसारख्या धनाढ्य डिस्ट्रिक्टला मालमत्ता करातूनच पुरेसं मिळतं, त्यामुळे सॅक्रामेंटोतल्या चढउतारांची झळ तिथे कमी पोचते. म्हणजे अनिश्चितता राज्याची, पण तिची किंमत सर्वांत नवा शिक्षक आणि सर्वांत गरीब मूल मोजतं. नोटीस पुष्कळदा नंतर मागे घेतली जाते, हे खरं. तोवर त्या शिक्षकाने दुसरीकडे नोकरी शोधलेली असते.

राज्याने शाळांसाठी २०१४ मध्ये स्वतःचा स्थिरता निधी उभारला. तो ठरावीक पातळीला पोचला की बहुतेक मोठ्या डिस्ट्रिक्टांच्या मुक्त शिलकीवर दहा टक्क्यांची मर्यादा येते. तुमच्यासाठी आम्ही साठवतो आहोत, तुम्ही साठवू नका, असा त्याचा अर्थ. मग त्या साठ्याची हमीही वेळेत द्यायला हवी. राज्याने दरविद्यार्थी किमान रक्कम १५ मार्चपूर्वी बांधून द्यावी आणि महसूल घटला तर फरक त्या निधीतून भरावा. तो निधीही आटला तर उरलेली तूट राज्याने स्वतःच्या नावावर घ्यावी. करांचे दर सॅक्रामेंटोत ठरतात आणि कर्ज काढण्याची ताकदही तिथेच आहे. शाळांच्या मंडळाकडे मार्चमध्ये शिक्षकांची यादी सोडून फारसं काही नसतं.