46 कशाबद्दल?

गाडीची चावी शोधू नकोस. ती माझ्याकडे आहे आणि हा कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय मिळणार नाही. चहा किटलीत आहे. तोंड धू, चहा घे आणि बस.

काल भर मे महिन्यात वरंधा घाट उतरून आलास, पोलादपूरला घरी जायच्या आधी महाडला बाईंकडे थांबलास, याचं मला बरं वाटलं. मग डिकीतून बाटली काढलीस. पुण्यात बिअर बनवणाऱ्यांकडे नोकरी लागली आहे, आता बिअरचा परीक्षक व्हायचं आहे, त्याचा सराव करतो आहे, बाई तुमचं रसायनशास्त्र कुठवर पोचलं बघा, वगैरे. परवाना काढलास का विचारलं तर हसलास. या राज्यात 1949 च्या दारूबंदी कायद्याने पिणाऱ्यालाही परवाना लागतो, हे तुझ्या धंद्यात तरी ठाऊक असायला हवं. तेही सोडलं. तासभर तू बोलत होतास आणि मी ऐकत होते. छान बोललास. मग तो गुणांचा कागद भरून माझ्यासमोर ठेवलास. पन्नासपैकी 46.

मी पीत नाही, हे तुला माहीत आहे. म्हणून मी बिअर तपासलीच नाही, तुझा कागद तपासला. बावीस वर्षं दहावीचे पेपर तपासले, त्यातली काही वर्षं नियामक म्हणून दुसऱ्यांनी तपासलेले तपासले. उत्तर न वाचता गुण देणारा परीक्षक मला गुणांच्या आकड्यावरूनच ओळखता येतो. काल एक माझ्या ओटीवर बसला होता.

रकान्यांनी जाऊ. अमेरिकेत 1985 साली सुरू झालेल्या त्या बीजेसीपी या बिअर-परीक्षकांच्या संस्थेचा हा कागद: वासाला 12, रूपाला 3, चवीला 20, तोंडातल्या जाणिवेला 5, एकूण छापेला 10. तू दिलेस 11, 3, 19, 4 आणि 9. खाली छापलं आहे की 45 किंवा त्याहून वर म्हणजे त्या प्रकारातला जागतिक दर्जाचा नमुना. ही ओळ तू वाचलीस तरी का?

सगळ्यात सोपा रकाना रूपाचा, म्हणून तिथूनच कान धरते. रंग, पारदर्शकपणा, फेस. तीनपैकी तीन. अरे, मी कपाटातून काचेचा ग्लास काढेपर्यंत तुला दम नव्हता, मांडणीवरचा स्टीलचा पेला ओढलास. स्टीलच्या पेल्यातून रंग कसा दिसला? ‘उजेडात माणकासारखी लालसर झाक’ असं लिहिलं आहेस. उजेड कुठून घातलास, पेल्याच्या बुडातून? ती ओळ तुझ्या डोळ्यांची नाही, पाठ केलेली आहे. प्रयोग न करता निरीक्षणं लिहिणारी जर्नलं मी तुझ्यादेखत फाडली आहेत.

फेसाबद्दल ‘दाट, टिकाऊ’. तो पेल्यात मिनिटभरही टिकला नाही, मी समोरच होते. टिकणार कसा? पिण्याआधी सुकटीची चटणी आणि भाकरी खाल्लीस, तोंडही न पुसता पेला ओठाला लावलास. तेलाने फेस मरतो, हे तूच मला अर्ध्या तासापूर्वी सांगितलं होतंस. आणि ज्या जिभेवर सुकट आणि लसूण बसले आहेत, त्या जिभेने तू माल्टची गोडी तोलणार?

त्याआधी बाटली दोन तास फ्रीजरमध्ये. का, तर ‘गार असली की छान लागते’. छान लागण्यासाठी गार कर ना, कोण अडवतंय? पण तू तपासायला बसला होतास. वास म्हणजे द्रवातून उडून नाकापर्यंत आलेले रेणू. बर्फाजवळ नेलंस की ते फारसे उडत नाहीत. इतकी तगडी काळी बिअर दहा-बारा अंशांवर प्यावी, हेही तूच सांगितलंस. स्वतःचंच सांगणं माणूस इतक्या लवकर विसरतो?

आता त्या 46 चं खरं कारण सांगते. तू बिअरला गुण दिलेच नाहीस, बाटलीवरच्या चिठ्ठीला दिलेस. जर्मनीहून मित्राने आणली, सोनेरी अक्षरं, बुर्बनच्या पिपात मुरवलेली. बाटली हातात घेतलीस तेव्हाच निकाल लागला होता, रकाने नंतर भरले. बोर्ड उत्तरपत्रिकेवर बारकोड का चिकटवतं? परीक्षकाला शाळा कळू नये, नाव कळू नये, आडनाव कळू नये म्हणून. तुमच्या स्पर्धांतही ग्लासवर फक्त आकडा असतो ना? मग सरावाला बाटली समोर मांडून का बसलास? मला सांगितलं असतंस तर मी आत जाऊन ओतून आणली असती. हीच बिअर आकडा घातलेल्या ग्लासात आली असती तर तू 30 च्या वर गेला नसतास, हे मी लिहून देते.

दुसरी गोष्ट, प्रश्न काय होता? उत्तराला गुण प्रश्न बघून देतात. ‘पावसाळा’ हा निबंध विचारल्यावर ‘माझी आई’ कितीही सुंदर लिहिला तरी गुण नाहीत. चिठ्ठीवर डॉपेलबॉक लिहिलं आहे. म्युनिकच्या पाउलानर मठातल्या साधूंनी उपवासाच्या दिवसांत पोटाला आधार म्हणून घडवलेली दणकट बिअर, असं तू रंगवून सांगितलंस. आपल्याकडे उपवासाला साबुदाणा, त्यांच्याकडे हे. ठीक. पण ती लागर आहे, म्हणजे खालच्या तापमानाला आठ-बारा अंशांत सावकाश आंबणारी आणि मग शून्याजवळ आठवडेच्या आठवडे निजवून ठेवलेली. लागर या शब्दाचं मूळच साठवणीत आहे. इतकी वाट कशासाठी बघायची, तर चव स्वच्छ व्हावी, यीस्टचे खेळ मागे हटावेत आणि माल्ट पुढे यावा. पावाच्या भाजलेल्या कडेसारखा खरपूस गोडवा यायला हवा, करपटपणा नको. तू काय लिहिलंस? ‘जळक्या कॉफीचा जबरदस्त वास’, आणि त्यावर खुशीची खूण. डॉपेलबॉकमध्ये जळकेपणा हा दोष आहे. तुझी आई नाचणीची भाकरी तव्यावर टाकते, तिला खरपूस आणि करपलेलं यातला फरक शिकवावा लागत नाही. तू तिच्या हातचं वीस वर्षं खाऊन हा फरक जर्मन चिठ्ठी बघून विसरलास.

पिपाबद्दल तर तू बेभान झालास. बुर्बनला अमेरिकेत कायद्यानेच दर वेळी आतून जाळलेलं नवं ओकचं पिंप लागतं, म्हणून वापरलेली पिंपं जगभर मिळतात, ही माहिती मला नवी होती आणि आवडली. पण पिंप काय देतं ते रसायनात बघ. लाकडातलं लिग्निन तापलं की व्हॅनिलिन सुटतं, म्हणून व्हॅनिला. ओकमधल्या लॅक्टोनमुळे नारळ. टॅनिनमुळे तुरटपणा. आधी त्यात असलेल्या दारूचा उग्रपणा. हे सगळं लोणच्यातल्या मिठासारखं असावं. मीठ हवंच, पण लोणचं कैरीचं आहे हे कळलं पाहिजे. तुझ्या चवीच्या रकान्यात चार ओळी व्हॅनिला आणि नारळ आहे, माल्टचं नाव एकदाही नाही. म्हणजे एक तर पिपाने बिअर गिळली, नाही तर तू ती शोधलीच नाहीस. दोन्ही बाजूंनी 19 बसत नाहीत.

आणि ‘कडवट शेवट’ कशाला म्हणतोस? तुझी आजी आंबेनळीच्या बाजूच्या रानातून हिरडा वेचून आणायची. वर्गात तू एक चघळला होतास आणि तोंड वाकडं केलं होतंस, तेव्हा मी विचारलं होतं, हे कडू की तुरट? त्याच हिरड्याच्या काढ्यात लोखंडाचा क्षार टाकून आपण काळी शाई केली होती. तुरटपणा म्हणजे टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना पकडतं आणि जीभ कोरडी, खरखरीत होते. तो तोंडातल्या जाणिवेच्या रकान्यात जातो, कागदावरच छापलं आहे. आपल्याकडे सहा रसांत तुरटाला वेगळी जागा आहे, तुला तो शब्द जन्मापासून मिळाला आहे. तो सोडून ‘कॉम्प्लेक्स’ पाच वेळा लिहिलंस. मी मोजले. ‘कॉम्प्लेक्स’ हे निरीक्षण नाही. ज्याला काय ते सांगता येत नाही त्याने उचलली जीभ लावली टाळ्याला, इतकाच त्याचा अर्थ.

त्या पाचातला एक ‘कॉम्प्लेक्स’ आंबटपणाला लावला आहेस. लागरमध्ये आंबट कुठून आलं, हा प्रश्न मनात आला नाही? मी पेल्याला नाक लावलं, मला व्हिनेगर आलं. असेटिक आम्ल. लाकूड श्वास घेतं, पिपात हवा शिरते, हवा मिळाली की व्हिनेगरचे जिवाणू अल्कोहोलचं आम्ल करतात. समीकरण तू फळ्यावर सोडवलं होतंस.

आणि आता ती ओळ, जिच्यामुळे मी रात्री झोपले नाही. वासाच्या रकान्यात तू लिहिलंस, ‘जुन्या पुस्तकांचा सुंदर दरवळ’.

जुन्या, कोरड्या पुस्तकाला एक मंद गोड वास असतो, तोही लिग्निन मोडून येतो, पिपाच्या व्हॅनिलाचा दूरचा भाऊ. मला तो पेल्यात आला नाही. मला आला ओल्या पुठ्ठ्याचा. बिअर हवेने आणि उष्णतेने शिळी झाली की हाच वास येतो, आणि बिअर तपासणारे जगभर त्याला ओला पुठ्ठाच म्हणतात, हेही काल तुझ्याच तोंडून ऐकलं. मग तो नाकासमोर आला तेव्हा त्याचं नाव का बदललंस?

दुसऱ्या कुणी बदललं असतं तर मी सोडून दिलं असतं. 22 जुलै 2021 ला सावित्रीचा पूर या गावात शिरला. रस्ता सुटल्यावर तू पोलादपूरहून फावडं घेऊन आलास. माझ्या कपाटांतली पुस्तकं, जर्नलं, खोक्यांत बांधलेले प्रश्नपत्रिकांचे गठ्ठेच्या गठ्ठे, सगळं चिखलाने जड झालं होतं. दोन दिवस तू ते पाठीवरून रस्त्यावर नेऊन टाकत होतास. या गावात तेव्हा दुसरा वासच नव्हता. तुझ्या शर्टाला तो होता, तू जेवलास त्या ताटाला होता. महाड-पोलादपूरच्या माणसाला तो वास शिकवावा लागतो? जगातल्या कुठल्याही परीक्षकापेक्षा तो तुला जास्त कळतो. आणि तुझ्या नाकाने तो ओळखला होता, मला खात्री आहे. तू पेला खाली ठेवलास, क्षणभर थांबलास, चिठ्ठीकडे बघितलंस, आणि मग ‘सुंदर’ लिहिलंस. तुला कळलं नाही म्हणून मी रागावलेली नाही. कळलेलं तू खोडलंस. सोनेरी अक्षरांसमोर तुला तुझं नाक खोटं वाटलं.

हवेने आत व्हिनेगर केलं आणि हवेनेच पुठ्ठा केला. एकच चोर दोन खिडक्यांतून शिरला आणि तू दोन्ही खिडक्यांना तोरण बांधलंस. त्यात घाटातल्या उन्हात तापलेल्या डिकीचा वाटा किती, हेही प्रामाणिकपणे लिहायला हवं होतं. परीक्षकाचा कागद बनवणाऱ्याकडे जातो ना? ‘अप्रतिम’ वाचून तो काय सुधारणार? ‘हवा शिरली आहे, पिंप आणि साठवण तपासा’ एवढी एक ओळ त्याच्या पुढच्या पिपाला वाचवते. लाल शाई त्यासाठी असते.

शेवटच्या रकान्यात तू लिहिलंस, ‘मस्त लागली’. 9 गुण. नाक्यावरचा माणूसही इतकंच सांगतो, त्याला कागद लागत नाही. ही बिअर 8 टक्क्यांची, म्हणजे अर्ध्या लिटरमध्ये 40 मिली शुद्ध अल्कोहोल, साधारण 32 ग्रॅम. इतक्या बिअरने छातीत ऊब यावी, घसा जळू नये, हा निकष. तू बाटली जवळजवळ संपवल्यावर हा रकाना भरलास, तेव्हा तुला ऊब आणि जळजळ वेगळी करता येत नव्हती. आणि तशात म्हणालास, ‘बाई, पोलादपूर काय, हे इथेच.’ रक्ताच्या 100 मिलीत 30 मिलिग्रॅमच्या वर गेलास की कायद्याने गुन्हा, पण मला कायद्याची आठवण झाली नाही. मला रात्रीचा हायवे आणि तुझी आई आठवली. म्हणून चावी.

इतकी का प्यायलास विचारलं, तर म्हणालास की कडू जिभेच्या मुळाशी कळतं, म्हणून बिअर थुंकता येत नाही. इथे मी लाल पेन स्वतःवर फिरवते. गोड शेंड्यावर, कडू मुळाशी, असा जिभेचा नकाशा फळ्यावर मीच काढला होता, रंगीत खडूंनी. तो चूक आहे. 1901 मधल्या एका जर्मन निबंधाचा पुढे विपर्यास झाला आणि ते चित्र पाठ्यपुस्तकांतून फिरत राहिलं. सगळ्या चवी जिभेवर सगळीकडे कळतात. गिळल्यावर घशामागून नाकात वास जातो, ते खरं कारण, आणि त्याला एक घोट पुरतो. निवृत्त झाल्यावर वाचलं तेव्हा मला लाज वाटली. किती वर्षं शिकवलं, किती मुलांना. त्यातला एक तू. छापलेल्यावर विश्वास ठेवून स्वतःची जीभ न तपासण्याचा दोष तू माझ्याकडून घेतला असशील, तर त्याचे गुण माझे काप.

ओट्यावर काचेच्या ग्लासात चार बोटं बिअर ठेवली आहे, वर बशी झाकली आहे. रात्रभरात तिचा गारवा गेला आहे, फेस गेला आहे, लपायला काही उरलेलं नाही. बाटली मी आत ठेवली आहे. बशी काढ आणि फक्त वास घे. घोट घेऊ नकोस, तुला गाडी चालवायची आहे. या कागदाच्या मागची बाजू कोरी आहे. तिथे वासाचा रकाना पुन्हा लिही. आधी काय आलं ते, मग गुण.

मी मागच्या दारी कपडे वाळत घालते आहे. कागद तिथे आण. चावी पदरात बांधली आहे.