यंत्राचे सोंग

सोंग आणणे ही आपल्या लोकरंगभूमीची जुनी विद्या आहे. दशावतारातला राजा रात्रभर मुकुट मिरवतो आणि उजाडल्यावर शेताच्या वाटेला लागतो. त्या मधल्या प्रहरांत तो नेमका कोण असतो, हे त्याला कुणी विचारत नाही आणि तोही कुणाला सांगत नाही. सोंगामुळे माणूस झाकला जातो की उघडा पडतो, हा प्रश्न अलीकडे माझ्या मनात घोळतो तो एका जपानी बँडमुळे. यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा हे त्याचे नाव. चाहत्यांच्या तोंडी वाय.एम.ओ.

त्याची सुरुवात फेब्रुवारी १९७८ मधली. टोकियोतल्या आपल्या घरी हारुओमी होसोनो यांनी युकिहिरो ताकाहाशी आणि र्‍युइची साकामोतो या दोघांना बोलावले, कोतात्सूभोवती, म्हणजे खाली ऊब आणि वर रजई असलेल्या बुटक्या मेजाभोवती बसवले, भाताचे गोळे खाऊ घातले आणि एक वही उघडून दाखवली. मार्टिन डेनी यांची ‘फायरक्रॅकर’ ही रचना सिंथेसायझरवर वाजवायची आणि जगभर चाळीस लाख प्रती खपवायच्या, असा त्या वहीतला संकल्प होता. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे आणता येत नाही, हे आपल्याकडचे शहाणपण त्या वहीला ठाऊक नसावे. पण मला मोह पडतो तो त्या निवडीचा. डेनी हे हवाईत वाजवणारे अमेरिकन. पक्ष्यांचे आवाज, घंटा आणि व्हायब्राफोन यांतून त्यांनी रचलेला पूर्वदेश पृथ्वीच्या पाठीवर कुठेही नव्हता. तो पर्यटकाच्या पेल्यात होता. परक्याने काढलेले आपले हे खोटे चित्र होसोनोंनी फाडले नाही, त्याच्यावर निषेधाचा लेखही लिहिला नाही. ते हौसेने अंगावर चढवले आणि यंत्रांच्या आवाजात चित्रकारालाच परत वाजवून दाखवले. उपहास आणि प्रेम यांची इतकी बेमालूम वीण मी क्वचितच पाहिली आहे.

होसोनोंचे आजोबा मासाबुमी होसोनो हे टायटॅनिकवरचे एकमेव जपानी प्रवासी. ते वाचले, आणि मायदेशी त्यांच्या वाचण्यावरच बोट ठेवले गेले. लोकांनी आपल्या चेहर्‍यावर बसवलेला मुखवटा कसा असतो, याचे ज्ञान त्या घराण्यात रक्तातूनच आले असेल का? असे दुवे फार ताणू नयेत, हे मलाही कळते. पण भारताचा प्रवास करून परतल्यावर, तिथे आलेल्या आजारपणाच्या आठवणींसह, होसोनोंनी १९७८ मध्येच ‘कोचीन मून’ नावाची ध्वनिमुद्रिका काढली, तीही अस्तित्वात नसलेल्या एका हिंदी चित्रपटाचे संगीत म्हणून. डेनींनी पूर्वेचे जे केले तेच होसोनोंनी आपल्या भारताचे केले. फरक एवढाच की, आपण कल्पित रचतो आहोत हे त्यांना पक्के माहीत होते.

दुसरे सोंग यंत्राचे. जपानी माणूस म्हणजे कारखान्यातला शिस्तबद्ध, बिनचेहर्‍याचा कामकरी, ही त्या काळच्या पाश्चात्त्य मनातली प्रतिमा. मग ताकाहाशींनी बेतलेले तांबडे गणवेश, उडवलेले कल्ले, मंचावरचे निर्विकार चेहरे. या देखाव्यामागे हिदेकी मात्सुताके बसत, बँडचे अघोषित चौथे सभासद. रोलँड कंपनीच्या एम.सी.-८ या १९७७ च्या यंत्रात ते सुरावटी भरत, त्याही आकड्यांच्या कळा दाबून. स्वराची उंची किती, पुढचा स्वर किती अंतराने यावा आणि त्या अंतरापैकी किती काळ हा स्वर निनादत राहावा, हे प्रत्येक स्वरासाठी आकड्यांत सांगायचे. एक आकडा चुकला की सुरावट लंगडते.

इथे मी थबकतो. लय ही गुरूच्या शेजारी बसून अंगात मुरवण्याची गोष्ट, असे मानणार्‍या संस्कारात मी वाढलो. ठेका मात्रांत मोजता येतो, त्याचे वजन मोजता येत नाही, हे आपण तबलजींकडून किती वेळा ऐकले आहे! आणि इथे ही माणसे तेच वजन अंकांत पकडू पाहत होती. गंमत अशी की, जे यंत्राला सांगावे लागते तेच आधी नीट ऐकावे लागते. होसोनोंना जपानच्या ओकिनावा बेटांवरच्या लोकसंगीताची ओढ होती. तिथला झोका सरळही नसतो आणि पुरता हिंदकळणाराही नसतो. असा झोका यंत्राला शिकवायचा तर तो नेमका किती अलीकडे, किती पलीकडे पडतो, हे आधी स्वतःला विचारावे लागते. कानांवर हेडफोन चढवून, यंत्राची टिकटिक ऐकत ताकाहाशी ड्रम वाजवत, तेव्हा त्या अचूकतेला चिकटून राहण्याच्या श्रमातच त्यांचे माणूसपण सर्वांत स्पष्ट ऐकू येई. मुखवटा घातल्यावर डोळे अधिक बोलू लागतात, तसेच काहीसे.

प्रभावाचा हिशेब मला थोडक्यात आटपू द्या. १९७९ च्या ‘सॉलिड स्टेट सर्व्हायव्हर’ या ध्वनिमुद्रिकेने जपानला वेड लावले; त्यातले ‘बिहाइंड द मास्क’ पुढे एरिक क्लॅप्टन आणि मायकेल जॅक्सन या दोघांनीही गायले. १९८० मध्ये हे तिघे ‘सोल ट्रेन’ या कृष्णवर्णीय अमेरिकेच्या लाडक्या कार्यक्रमात झळकले, आणि न्यूयॉर्कच्या हिप-हॉपपासून डेट्रॉइटच्या टेक्नोपर्यंत त्यांच्या खुणा उमटल्या. रोलँडचे टी.आर.-८०८ हे तालयंत्र प्रथम हाताळणार्‍यांत ते होते. तेच यंत्र घेऊन १९८२ मध्ये मुंबईतले चित्रपटसृष्टीतले वादक चरणजित सिंग यांनी डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजवले. त्या वेळी कुणी ढुंकून पाहिले नाही. पुढे २०१० मध्ये ती मुद्रिका पुन्हा निघाली आणि जग चकित झाले. काळाचा न्याय असा विसराळू असतो.

बँडने १९८३ मध्ये आवरते घेतले. पुढे साकामोतो चित्रपटसंगीतात गेले, ‘द लास्ट एम्परर’साठी ऑस्करचे मानकरी झाले, पण मला आठवतो तो २०११ च्या त्सुनामीत बुडून बेसूर झालेला पियानो, जो त्यांनी शोधून वाजवला. कारखान्याने ताण देऊन बसवलेल्या लाकडा-तारांना समुद्राने पुन्हा त्यांच्या मूळ स्वभावाकडे नेले, असे त्यांना वाटे. कधीकाळी आकड्यांनी स्वर बांधणारा माणूस त्या सैलावलेल्या तारांकडे कान देऊन बसतो, यात मला विसंगती दिसत नाही. नेमकेपणाची इतकी साधना केल्यावाचून बिघाडाचा सूर इतका आपला वाटलाच नसता.

ताकाहाशी ११ जानेवारी २०२३ रोजी गेले, साकामोतो त्याच वर्षी २८ मार्चला. आपण कधी ‘सॉलिड स्टेट सर्व्हायव्हर’ ऐकलेत, तर सिंथेसायझरच्या झगमगाटाने दिपण्याआधी ताकाहाशींच्या ड्रमकडे कान द्या.